दुशान्बेहून खोरोगकडे : एका डोंगराळ देशाच्या वाटा

ताजिकिस्तानात मोठी म्हणावी अशी शहरे दोनच. राजधानी दुशान्बे पश्चिमेला हिसारच्या खोऱ्यात आणि खुजंद उत्तरेला, सिर दर्या नदीच्या काठी. दोहोंमधले अंतर रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईहून धुळ्याला जावे तितके. तरीही वीसेक वर्षांपूर्वीपर्यंत हिवाळा लागला की दुशान्बेच्या माणसाला आपल्याच देशातून मोटारीने खुजंद गाठणे अशक्य होई. मध्ये हिसार आणि तुर्कस्तान या पर्वतरांगा आडव्या. त्यांवरचे अंझोब आणि शहरिस्तान हे दोन घाट ३३०० मीटरांहून उंच. बर्फ पडले की ते वसंत ऋतू संपत येईपर्यंत बंद. मग उरे ते विमान, ज्याचे तिकीट प्रत्येकाला परवडणारे नव्हते, किंवा शेजारच्या उझबेकिस्तानातून वळसा. त्या वळशाला व्हिसा लागे आणि तो मिळेलच याची खात्री नसे. धुळ्याच्या माणसाला मुंबईत शिकणाऱ्या मुलीला भेटण्यासाठी परक्या देशाची परवानगी मागावी लागावी, तशी ही गत.

रेल्वे नव्हती का? होती. पण तीही उझबेकिस्तानातूनच जात होती.

ज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाता येत नाही, असा देश मुळात घडलाच कसा, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळत होता. उत्तर शोधताना दिसले ते असे, की ताजिकिस्तानच्या वाटा डोंगरांनी जितक्या ठरवल्या त्याहून अधिक त्या दूरच्या राजधान्यांनी ठरवल्या. कलकत्ता, सेंट पीटर्सबर्ग, मॉस्को, ताश्कंद, बीजिंग अशी त्या राजधान्यांची नावे बदलत गेली आणि प्रत्येक बदलाबरोबर या देशाचा पुढचा दरवाजा मागचा झाला, मागचा पुढचा झाला. या वाटांपैकी एक एकेकाळी थेट मुंबईच्या माझगावात येऊन संपत होती. तिच्याविषयी पुढे येईलच.

नकाशा आणि रूळ

ताजिकिस्तानचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ४३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. त्यातला ९३ टक्के भाग डोंगराळ आणि जवळजवळ निम्मा तीन हजार मीटरांपेक्षा उंच. लोकसंख्या एक कोटीच्या घरात. भाषा ताजिक, म्हणजे रशियन लिपीत लिहिली जाणारी फारसीच. त्यामुळे मराठी माणसाला तिथले काही शब्द ओळखीचे वाटतात. रस्त्याला तिथे ‘रोह’ म्हणतात, ती आपली राह. ‘पंज’ म्हणजे पाच, जो पंजाबात आहे तोच. दुशान्बे या नावाचा अर्थ सोमवार. शंबे म्हणजे शनिवार, यकशंबे रविवार आणि दुशंबे सोमवार. इथे दर सोमवारी बाजार भरे, म्हणून गावाचे नाव सोमवार. आपल्याकडे बुधवार पेठ, तसे हे सोमवार गाव.

या बाजारगावाची राजधानी केली सोव्हिएत सत्तेने. १९२४ मध्ये मध्य आशियाचे नव्याने तुकडे पाडण्यात आले, तेव्हा ताजिक लोकांना उझबेक प्रजासत्ताकाच्या पोटातले एक स्वायत्त प्रजासत्ताक मिळाले. १९२९ मध्ये त्याला वेगळ्या प्रजासत्ताकाचा दर्जा देण्यात आला आणि खुजंदचा भाग उझबेकिस्तानातून काढून त्याला जोडला गेला. समरकंद आणि बुखारा ही फारसी संस्कृतीची जुनी शहरे मात्र उझबेकिस्तानातच राहिली. त्याच वर्षी तेर्मेझच्या बाजूने लोहमार्ग दुशान्बेला पोहोचला. शहराचे नाव स्टालिनाबाद झाले आणि १९६१ पर्यंत तेच राहिले.

खुजंदचा लोहमार्ग याहून जुना, झारच्या काळातला. तो समरकंदहून फरगणा खोऱ्यात जाताना वाटेत खुजंदला स्पर्श करतो. दुशान्बेचा लोहमार्ग दक्षिणेकडून आलेला. हे दोन मार्ग ताजिकिस्तानात कुठेही एकमेकांना भेटत नाहीत. उत्तरेतून दक्षिणेत रेल्वेने जायचे तर उझबेकिस्तानातून मोठी फेरी मारावी लागते. सोव्हिएत काळात याचे कोणाला काही वाटत नसे. प्रजासत्ताकांमधल्या सीमा म्हणजे आपल्या जिल्ह्यांच्या सीमा. पुण्याहून नाशिकला जाताना अहिल्यानगर जिल्हा लागतो म्हणून कोणी अडते का? रूळ टाकणाऱ्या अभियंत्याने सपाट जमीन पाहिली, आणि सपाट जमीन उझबेकिस्तानकडे होती.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि जिल्ह्यांच्या सीमा देशांच्या सीमा झाल्या. घराच्या भिंती त्याच राहिल्या, फक्त जिना शेजाऱ्याच्या हद्दीत गेला. पाठोपाठ १९९२ ते १९९७ अशी पाच वर्षे ताजिकिस्तानात यादवी युद्ध चालले. उझबेकिस्तानशी संबंध बिघडत गेले. सशस्त्र गट घुसतात या कारणाने उझबेकिस्तानने २००० च्या सुमारास सीमेवर सुरुंग पेरले, आणि त्यांवर पाय पडून मेले ते बहुतेक गुराखी आणि सरपणाला गेलेले गावकरी. वख्श नदीवर रोगून येथे ताजिकिस्तानला अतिउंच धरण बांधायचे होते. आपल्या कापसाचे पाणी तुटेल म्हणून उझबेकिस्तानचा त्याला विरोध. त्या भांडणाचे पडसाद वाटांवर उमटले. समरकंद आणि ताजिकिस्तानातले पंजकेंत यांच्यात अवघे साठ किलोमीटर अंतर, पण ती सीमाचौकी २०१० मध्ये बंद झाली. नोव्हेंबर २०११ मध्ये तेर्मेझहून दक्षिण ताजिकिस्तानात जाणाऱ्या लोहमार्गावर उझबेक हद्दीत स्फोट झाल्याचे जाहीर झाले. गाड्या थांबल्या, दुरुस्ती झाली नाही, पुढे रूळच उखडण्यात आले. दक्षिणेतला खतलोन प्रांत रेल्वेने जगापासून तुटला.

बोगदे

शेजाऱ्याचा जिना बंद झाल्यावर घराच्या आतून जिना काढणे भाग होते. ताजिकिस्तानने डोंगर पोखरायला घेतले.

अंझोब घाटाखालचा बोगदा सुमारे पाच किलोमीटरचा. काम इराणच्या मदतीने झाले आणि २००६ मध्ये त्याचे उद्घाटनही झाले, पण बोगदा पुरा झालेला नव्हता. डोंगरातून झिरपणारे पाणी आत साचे. रस्त्यातले खड्डे त्या पाण्याखाली दिसत नसत आणि त्यांतून लोखंडी सळया वर आलेल्या असत. दिवे नव्हते, हवा खेळती ठेवण्याची सोय नव्हती. एखादा ट्रक मध्येच बंद पडला तर मागच्या गाड्यांचा धूर कोंडून माणसे गुदमरण्याचा धोका. लोकांनी त्याला ‘मृत्यूचा बोगदा’ असे नाव दिले आणि तरीही ते त्यातून जात राहिले. कारण वरचा घाट बर्फाखाली होता आणि खाली निदान रस्ता होता. बोगदा धड व्हायला पुढची जवळजवळ दहा वर्षे गेली. शहरिस्तान घाटाखालचा पाच किलोमीटरहून थोडा लांब बोगदा चिनी कंपनीने बांधला आणि तो २०१२ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून दुशान्बे आणि खुजंद ही दोन शहरे बाराही महिने एकमेकांना जोडलेली आहेत. मोटारीने आता पाच-सहा तास लागतात.

दक्षिणेकडे वहदात ते योवोन हा लोहमार्ग तीन बोगदे काढून २०१६ मध्ये पुरा झाला आणि राजधानीची रेल्वे खतलोनच्या रेल्वेला देशाच्या आतून जोडली गेली. त्याच वर्षी उझबेकिस्तानचे अध्यक्ष करिमोव वारले. नव्या अध्यक्षांच्या काळात वारे फिरले. १९९२ पासून बंद असलेली दुशान्बे-ताश्कंद विमानसेवा २०१७ मध्ये सुरू झाली. २०१८ मध्ये पंजकेंतची चौकी उघडली, उखडलेले रूळ पुन्हा बसले आणि दोन्हीकडच्या नागरिकांना तीस दिवसांपर्यंत व्हिसाची गरज उरली नाही. पाव शतक अडलेली माणसे चालत सीमा ओलांडून नातेवाइकांना भेटायला गेली. डोंगर जिथे होते तिथेच होते.

गाडी भरली की निघते

देशांतर्गत प्रवासाची रीत कळायला मराठी वाचकाला फारसे कष्ट पडू नयेत. कोल्हापूर-साताऱ्याकडचे वडाप किंवा मराठवाड्यातली काळी-पिवळी ज्याने पाहिली आहे त्याला दुशान्बेचा टॅक्सीतळ परका वाटणार नाही. वेळापत्रक नाही. गाडी भरली की निघते. चालकाशेजारची जागा सर्वांत महाग, मागच्या टपावरल्यासारख्या बाकाची सर्वांत स्वस्त. शहरांत आणि जवळपासच्या गावांत ‘मर्श्रुत्का’ नावाच्या छोट्या बसगाड्या धावतात. दूरच्या डोंगरी वाटेवर जपानी बनावटीच्या जुन्या जीपगाड्या.

या जीपगाड्यांचा सर्वांत मोठा मार्ग दुशान्बे ते खोरोग. खोरोग हे गोर्नो-बदख्शान या स्वायत्त प्रांताचे मुख्य ठिकाण, उंची सुमारे २१०० मीटर. देशाचे जवळजवळ ४५ टक्के क्षेत्रफळ या एका प्रांताचे, आणि लोकवस्ती जेमतेम अडीच लाखांच्या आतबाहेर. हाच पामीरचा प्रदेश, फारसीत ‘बाम-ए-दुनिया’, जगाचे छप्पर. दुशान्बेहून खोरोग सव्वापाचशे किलोमीटर. पहाटे निघालेली गाडी रात्री पोहोचली तर प्रवास चांगला झाला म्हणायचे. दरड कोसळली, हिमकडा घसरला किंवा ओढा फुगला, तर दोन दिवसही लागतात. वाटेत कलई-खुंब या गावी जेवण. खोरोगच्या जवळ आल्यावर ‘शिरचाय’ मिळतो. दूध, मीठ आणि लोणी घातलेला चहा, त्यात रोटी कुस्करून खायची.

विमानाने हे अंतर तासाभराचे. पण विमान लहान, आणि ते शिखरांच्या वरून न जाता दऱ्यांमधून वाट काढते. हवा स्वच्छ असेल तरच ते उडते. ढग आले की प्रवासी विमानतळावरून परत टॅक्सीतळावर येतात. या मार्गावरची एक आठवण खोरोगमध्ये अजून ताजी आहे. यादवी युद्धात, २८ ऑगस्ट १९९३ रोजी, खोरोगहून दुशान्बेला निघालेल्या याक-४० जातीच्या विमानात सशस्त्र माणसांनी वैमानिकांवर जबरदस्ती करून माणसे कोंबली. २८ आसनांच्या विमानात कर्मचारी धरून ८६ जण होते. विमानाला धावपट्टी पुरली नाही. ८२ जण दगावले. रस्ते बंद असताना एका उड्डाणावर किती लोकांचा जीव टांगलेला असतो, हे त्या आकड्यांवरून कळते.

नदीचा दुसरा काठ

खोरोगच्या वाटेवर कुलोब शहर मागे पडले की गाडी घाट उतरून पंज नदीच्या काठी येते आणि मग तीनशेहून अधिक किलोमीटर नदीची सोबत सुटत नाही. पलीकडचा काठ अफगाणिस्तानचा. काही ठिकाणी नदी इतकी अरुंद की पलीकडच्या माणसाला हाक ऐकू जावी. अलीकडे डांबर, विजेच्या तारा, शाळा. पलीकडे कड्याच्या कुशीत खोदलेली पायवाट आणि तिच्यावरून गाढव हाकणारा माणूस. जुन्या काळी दोन्ही काठांवर अशाच वाटा होत्या. जिथे कडा अगदी उभा, तिथे खडकाच्या फटींत लाकडी खुंट ठोकून त्यांवर फांद्या आणि दगड अंथरायचे. या टांगत्या वाटेला ‘ओवरिंग’ म्हणतात. ओझ्याचे जनावर तिच्यावरून नेणे हे कसबाचे काम होते.

दोन काठांतला हा फरक निसर्गाने केलेला नाही. शुग्नान, रुशान, वाखान, दरवाझ ही इथली छोटी राज्ये नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेली होती. एकच भाषा, एकच सोयरिक. १८७३ मध्ये ब्रिटन आणि रशिया यांनी आपापल्या प्रभावक्षेत्रांची हद्द म्हणून या नदीवर बोट ठेवले आणि १८९५ च्या करारानंतर ती आखणी पक्की झाली. ब्रिटिश हिंदुस्थान आणि झारचा रशिया यांच्या सीमा कुठेही भिडू नयेत म्हणून मध्ये अफगाणिस्तानची एक चिंचोळी पट्टी ठेवण्यात आली, तोच वाखानचा पट्टा. सर्वांत अरुंद जागी त्याची रुंदी पंधरा किलोमीटरच्या आसपास भरते. ड्युरंड रेषा आपण शाळेत शिकलो. पंज नदी ही त्याच कारभाराची दुसरी रेषा. अर्ध्या गावाचे शेत एका साम्राज्यात आणि सासर दुसऱ्यात, अशी वाटणी झाली. पहिली काही दशके माणसे ये-जा करत राहिली. सोव्हिएत काळात, १९३० च्या दशकात, सीमा खरोखरची बंद झाली, ती साठ वर्षे.

पुन्हा पूल झाले ते या शतकात. खोरोगजवळचा २००२ मध्ये, दरवाझचा २००४ मध्ये, इश्काशिमचा २००६ मध्ये, वंजचा २०११ मध्ये. या पुलांशेजारी आठवडी बाजार भरू लागले. दोन्हीकडचे लोक व्हिसाविना बाजाराच्या आवारात येत आणि बटाटे, चहा, कापड यांच्याबरोबर नातीही जुनी करून घेत. अफगाणिस्तानातली परिस्थिती बिघडली की बाजार बंद होतात, निवळली की उघडतात.

हे चारही पूल आगा खान विकास संस्थेने बांधवले. तिचे नाव इथे का येते, ते समजण्यासाठी माझगावला यावे लागेल.

माझगावची वाट

पामीरमधून हिंदुस्थानाशी येणे-जाणे फार जुने. सातव्या शतकात ह्युएनत्संग हा चिनी यात्रेकरू दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला, हे आपण अभिमानाने सांगतो. तोच ह्युएनत्संग मायदेशी परतताना वाखान आणि पामीर ओलांडून गेला आणि त्या उंच, ओसाड खोऱ्याचे वर्णन त्याने लिहून ठेवले. म्हणजे आपला आणि पामीरचा परिचय एकाच वहीत नोंदला गेला आहे.

पुढच्या काळात पामीरच्या खोऱ्यांतले बहुसंख्य लोक निझारी इस्मायली पंथाचे झाले. या पंथाचे इमाम पहिले आगा खान इराणमधून हिंदुस्थानात आले आणि १८४० च्या दशकात मुंबईत स्थिरावले. १८८१ मध्ये ते वारले. माझगावातल्या हसनाबाद येथे त्यांची कबर आहे. पुण्याचा आगा खान पॅलेस, जिथे गांधीजी स्थानबद्ध होते आणि कस्तुरबांनी देह ठेवला, तो त्यांच्या नातवाने, तिसऱ्या आगा खानांनी, १८९२ मध्ये बांधवला.

इमाम मुंबईत, म्हणून पामीरच्या माणसाचा ओढा मुंबईकडे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला शुग्नान-वाखानचे लोक उत्पन्नातला धार्मिक हिस्सा घेऊन इमामाकडे येत. वाखान ओलांडून चित्राल, तिथून पेशावर आणि पुढे रेल्वेने मुंबई, अशी ती साधारण वाट. पामीरमधल्या रशियन अधिकाऱ्यांनी आणि अभ्यासकांनी या यात्रांची दखल घेतली आहे. आपल्या प्रजेचा पैसा आणि निष्ठा ब्रिटिशांच्या बंदराकडे जाते, याची त्यांना चिंता होती. १९२३ मध्ये तिसऱ्या आगा खानांनी उलट दिशेनेही एक दूत धाडला. पीर सबझअली नावाचे प्रचारक मुंबईहून निघून चित्राल, हुंझा, यारकंद अशी खडतर भटकंती करून पामीरच्या अनुयायांपर्यंत पोहोचले.

आजचा नकाशा पाहिला तर ही वाट अशक्य वाटते. पण श्रीनगर ते खोरोग हे अंतर सरळ रेषेत पाचशे किलोमीटरांच्या आत आहे, मुंबई-नागपूरपेक्षा कमी. विसाव्या शतकात आधी सोव्हिएत सीमा आणि मग १९४७ नंतरच्या सीमा या वाटेवर आडव्या आल्या, आणि जवळचे ते दूरचे झाले.

उत्तरेचा रस्ता आणि उपासमार

दक्षिणेची वाट बंद करताना सोव्हिएत सत्तेने उत्तरेची वाट उघडली. किरगिझस्तानातल्या ओश शहरापासून खोरोगपर्यंत सुमारे सातशे किलोमीटरचा मोटाररस्ता १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात झाला. खोरोग ते दुशान्बे हा पुढचा टप्पा १९४० मध्ये. हाच पामीर महामार्ग. ओशहून येताना तो ४२८० मीटर उंचीच्या किझिल-आर्त घाटातून ताजिकिस्तानात शिरतो, काराकुल सरोवराच्या काठाने जातो, ४६५५ मीटरांवरचा अक-बैताल घाट ओलांडतो आणि मुरगाबला उतरतो. उतरतो म्हणायचे, पण मुरगाबही सुमारे ३६०० मीटरांवर, म्हणजे लेहइतके उंच.

रस्ता लष्करी गरजेतून झाला, पण त्यावरून धान्य, कोळसा, डिझेल, औषधे आणि पुस्तकेही आली. पामीरच्या उंचीवर फारसे पिकत नाही. सोव्हिएत सरकार सीमेवरची ही वस्ती मुद्दाम पोसत असे. १९९१ नंतर तो पुरवठा थांबला. यादवी युद्धामुळे दुशान्बेकडचा रस्ता तुटला. मुरगाबच्या पठारावर कोळसा येईना, तेव्हा लोकांनी ‘तेरेस्केन’ नावाची झुडपे मुळासकट उपटून चुली पेटवल्या. मुठीएवढे वाढायला अनेक वर्षे घेणारे ते झुडूप. पठार उघडे पडत गेले.

या उपासमारीत १९९३ पासून आगा खान फाउंडेशनने धान्य पाठवायला सुरुवात केली. ट्रक आले ते ओशहून, त्याच सोव्हिएत रस्त्याने. इमामाकडे जाण्याची वाट मोडणाऱ्या सत्तेने बांधलेल्या रस्त्यावरून इमामाचे धान्य आले. मे १९९५ मध्ये चौथे आगा खान स्वतः पामीरमध्ये आले. शतकभर जे लोक मुंबईकडे तोंड करून चालत राहिले आणि मग साठ वर्षे कुठेच जाऊ शकले नाहीत, त्यांच्या दारात इमाम पहिल्यांदा आला. पुढे झालेले पूल, शाळा आणि वीजकेंद्र हा या नात्याचाच विस्तार.

पूर्वेचा दरवाजा

२००४ मध्ये पामीरला चौथी दिशा मिळाली. मुरगाबच्या पूर्वेला ४३६२ मीटरांवरचा कुल्मा घाट चीनशी वाहतुकीला उघडला. आज खोरोगच्या बाजारातली बहुतेक वस्तू या घाटातून ट्रकने येते. रस्ते रुंद करण्याची, बोगदे खणण्याची कामे चिनी कंपन्यांकडे आहेत, आणि ताजिकिस्तानच्या परकीय कर्जात चीनच्या एक्झिम बँकेचा वाटा मोठा आहे. २०११ मध्ये जुना सीमावाद मिटवताना ताजिकिस्तानने पामीरमधली सुमारे एक हजार चौरस किलोमीटर जमीन चीनला दिली.

चांगला रस्ता हवा, याबद्दल पामीरमध्ये दुमत नाही. आजारी माणसाला दुशान्बेच्या इस्पितळात नेण्याचा वेळ निम्मा झाला तर कोणाला नको? पण रस्त्यावरून काय येईल हे गाव ठरवू शकत नाही. मे २०२२ मध्ये खोरोगमध्ये निदर्शने झाली, तेव्हा रुशानच्या लोकांनी सैन्याच्या गाड्या पुढे जाऊ नयेत म्हणून महामार्ग अडवला. सुरक्षा दलांच्या कारवाईत अनेकजण मारले गेले आणि कित्येक तुरुंगात गेले. त्यानंतर आगा खान संस्थेच्या काही मालमत्ताही सरकारने ताब्यात घेतल्या. दुर्गमतेने या खोऱ्यांना उपाशी ठेवले होते आणि दुर्गमतेनेच त्यांची भाषा, पंथ आणि स्वतःच्या मताने चालण्याची सवय राखली होती. रस्ता दोन्हींना हात घालतो.

उत्तरेच्या वाटेचे दुखणे वेगळे. फरगणा खोऱ्यात ताजिकिस्तान आणि किरगिझस्तान यांची सीमा इतकी गुंतलेली आहे, की वोरुख हे ताजिक गाव चारही बाजूंनी किरगिझ भूमीने वेढलेले आहे. गावाबाहेर पडायचे तर परक्या देशातून. पाणी आणि रस्ता यांवरून २०२१ आणि २०२२ मध्ये इथे लढाया झाल्या, घरे जळली, सीमा बंद झाली, आणि ओशचा पामीर महामार्गही त्यात अडकला. मार्च २०२५ मध्ये दोन्ही देशांनी सीमा-करार केला आणि चौक्या पुन्हा उघडू लागल्या.

जायचे असेल तर

इकडून कोणाला जायचे असेल तर दिल्ली ते दुशान्बे हे अंतर सरळ रेषेत साडेतेराशे किलोमीटरांच्या आसपास आहे. थेट विमाने अधूनमधून सुरू होतात आणि बंद पडतात. एरवी ताश्कंद, अल्माटी किंवा दुबईवरून जावे लागते. व्हिसा संगणकावरून मिळतो, पण गोर्नो-बदख्शानसाठी वेगळा परवाना लागतो आणि तो वाटेतल्या चौक्यांवर तपासला जातो. जूनअखेर ते सप्टेंबर हा पामीरचा काळ. दुशान्बेहून खोरोगमार्गे गेल्यास उंचीची सवय हळूहळू होते. ओशहून चढल्यास एका दिवसात चार हजार मीटरांवर जाऊन डोके धरण्याची वेळ येते. गाडीत जागा मिळालीच तर जाताना उजवीकडची खिडकी धरावी. पंज नदी आणि पलीकडचा काठ त्या बाजूला दिसतो.

प्रवाशाला घाट उघडा आहे की बंद, एवढेच विचारावे लागते. तिथे राहणाऱ्यांना त्याच्या आधीचा प्रश्न पडतो, की यंदा कोणती सीमा उघडी आहे. त्या उत्तरावर मुलगा रशियात मजुरीला कुठल्या मार्गाने जाणार, पीठ कुठून येणार आणि पलीकडच्या काठावरच्या बहिणीला यंदा भेटता येणार की नाही, हे ठरते.

डॉकयार्ड रोड स्थानकात उतरून हसनाबादपर्यंत चालत जाता येते. गोदीच्या ट्रकांच्या गर्दीतून तो पांढरा घुमट एकदम समोर येतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी वाखानहून निघालेली माणसे, चित्रालचे बर्फ तुडवून आणि पेशावरहून आगगाडीने, या शहरात पोहोचत होती. त्यांना ना परवाना लागला, ना बोगदा.